आबाला घातलेली आण

आबा हरवला तेव्हा मी घरात शुद्धलेखन घालत होते. पुढच्या खोलीत सतरंजीवर अकरा मुलं बसलेली, डोक्यावर पंखा पाचवर, आणि मी खुर्चीत बसून एकेक शब्द सुटा सुटा करून सांगतेय. आबा माझ्यासमोरून गेला. धोतर, टोपी, काखेत कापडी पिशवी. दारात थांबून त्यानं माझ्याकडे बघितलं. मी हातानंच 'जाऊन या' अशी खूण केली, कारण तोंडानं बोलले असते तर मुलांची ओळ तुटली असती. मला वाटलं, कोपऱ्यावरच्या मारुतीला चाललाय. मारुतीला जाताना पिशवी कशाला, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. एक ओळ तुटली असती तर काय आभाळ कोसळणार होतं?

सात वाजले, आठ वाजले. मारुतीपाशी नाही, बागेतल्या बाकावर नाही, नव्या बंगल्यांच्या कामावर नाही. त्याचा साधा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला. नवरा स्कूटर घेऊन हायवेपर्यंत जाऊन एकटाच परत आला. एप्रिलचं ऊन जळगावचं, बाप ऐंशीच्या घरातला, अक्षरओळख नाही, खिशात फार तर रिक्षापुरते पैसे.

मी त्याला 'तो' म्हणतेय, ते कोणाला खटकेल. खटकू दे. गावी आम्ही पोरं बापाला 'तू'च म्हणायचो, सगळं गाव म्हणायचं. जळगावला शिकायला आले आणि मी त्याचं 'तुम्ही' केलं. पहिल्यांदा 'आबा, तुम्ही जेवलात का' असं विचारलं तेव्हा त्यानं मागं वळून बघितलं होतं, कोणी पाहुणा आलाय की काय म्हणून. आई पदर तोंडाला लावून हसली होती. मी मात्र हट्टानं तेच चालवलं, तीस वर्षं.

आमचं गाव दोंडाईचाकडचं. घरीदारी, शेतात, बाजारात सगळी अहिराणी. शाळेतले गुरुजीसुद्धा धडा मराठीत वाचायचे आणि छडी अहिराणीत मारायचे. मी डी.एड.ला जळगावला आले आणि माझ्या पहिल्याच पाठाला, चौथीच्या वर्गासमोर, मुलांना 'सगळे' म्हणायच्या जागी 'बठ्ठा' म्हणून गेले. पोरं हसली. मागं बसलेल्या मॅडमही हसल्या. वर्षभर मला वसतिगृहात 'बठ्ठा मॅडम' म्हणत होते. रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडायचं आणि सकाळी उठून आरशासमोर 'आहे, आहेत, आहोत' घोकायचं, असं मी ते वर्ष काढलं. त्यानंतर माझ्या तोंडून 'आहे'च्या जागी 'शे' गेलं नाही. म्हणजे मी जाऊ दिलं नाही.

लग्न होऊन आम्ही ह्या कॉलनीत आलो तेव्हा समोर केळीच होती. आमच्या ओट्यावरून केळीची पानं वाजलेली ऐकू यायची. मग एकेक मळा एन.ए. झाला, चुन्याच्या रेघा पडल्या, बोर्ड लागले आणि बघता बघता चार कॉलन्या उभ्या राहिल्या. रावेर-मुक्ताईनगरकडचे आले, अमळनेर-पारोळ्याचे आले, धुळ्याचे आले, कोणी दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरी करून रिटायर होऊन आले. प्रत्येकाच्या घरची बोली निराळी. पण गेटच्या बाहेर पाऊल पडलं की सगळे एकाच मराठीत बोलणार, बातम्यांतल्यासारख्या. ती कोणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांना चालली. आणि त्या मराठीचे क्लास घेणारी बाई कोण, तर मी! 'मुलांचं बोलणं सुधारून मिळेल' असं कोणी पाटीवर लिहीत नाही, पण आया माझ्याकडे त्याच्यासाठीच यायच्या. मला त्याचा गर्व होता. भलता गर्व.

आई गेल्यावर आबाला मी इकडे आणलं. एकटा राहील कसा? तो आला आणि दुसऱ्याच दिवशी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायला लागला. दूधवाला, कचरागाडीवाला, कोणीही. "काय रे भो, कोन गावना तू?" क्लासची मुलं लवकर यायची ती त्याच्याभोवती कोंडाळं करून बसायची. तो त्यांना बैलांच्या गोष्टी सांगायचा. त्याचा एक बैल होता, तो गुरुवारी जुंपून घ्यायचा नाही म्हणे. मुलं खदाखदा हसायची आणि मी आतून ओरडायची, "आबा, वेळ झाली, मुलांना आत पाठवा!"

मुलंच ती. त्यांनी उचललं. शेजारच्या बाईंची मुलगी शाळेत तोंडी परीक्षेला उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, बठ्ठं पाठ शे." वर्ग हसला, मुलगी रडत घरी आली.

शेजारीण मुक्ताईनगरकडची. तिच्या माहेरी-सासरी केळीचे मळे, आणि घरात सासूशी ती तिकडच्याच बोलीत बोलते. भिंतीला भिंत आहे, मला ऐकू येतं. पण त्या संध्याकाळी माझ्याकडे आली ती अगदी कडक इस्त्रीची मराठी घालून. "राग मानू नका हं, पण आम्ही मुलीला तुमच्याकडे कशासाठी पाठवतो? तुम्ही आत शिकवता आणि बाहेर ओट्यावर आजोबा पुसून टाकतात." ती हसत होती. मी पण हसले. माझे कान मात्र तापले होते. पुन्हा तो चौथीचा वर्ग माझ्यासमोर उभा राहिला, हसणारा.

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात आबाला गाठलं. तो लसूण सोलत होता. मी म्हटलं, "आबा, उद्यापासून लोकांसमोर बोलायचं नाही."

त्याला कळलंच नाही. "कसाले?" म्हणाला.

"माझी शोभा होते म्हणून. मुलांशी नाही, दूधवाल्याशी नाही, कोणाशीच नाही. गावाला जाल तेव्हा बोला काय बोलायचंय ते पोटभर. तोवर ह्या लोकांत तोंड उघडायचं नाही. तुम्हाला माझी आण आहे." आणि मी माझ्या गळ्याची कातडी चिमटीत धरली.

आण म्हणजे काय, हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना विचारा. पुस्तकातली शपथ नव्हे ती. ज्याची आण घातली, आण मोडली तर त्याच्यावर येतं. माणूस आजारी पडतं, आंधळं होतं, मरतं. माझ्या एका चुलत्यानं बायकोची आण मोडून तंबाखू खाल्ली आणि त्याच महिन्यात तिला साप चावला, ही गोष्ट आमच्या घरात खरी मानली जायची. लहानपणी मला ही युक्ती फार लवकर कळली होती. आबा बाजाराला निघाला की मी गळा धरून ओरडायची, "माले बांगड्या लई येजो, तुले मन्ही आन शे!" आणि तो अर्ध्या रस्त्यातून परत यायचा, माझ्यासमोर उकिडवा बसून हात जोडायचा. "सुटनी म्हन व माय, सुटनी म्हन! बाजारमा मिळन्या नहीत तर कसं करू?" मी मजेत थांबायची. मग पुन्हा गळा धरून तीन वेळा 'सुटनी' म्हणायची, तेव्हा कुठं तो जायचा. ज्यानं घातली त्यानंच सोडवायची, आणि तीनदा. नाहीतर सुटत नाही.

हे सगळं मला माहीत होतं. शिकलीसवरलेली मी, माझा ह्या असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण त्याचा आहे, हे माहीत होतं म्हणून तर घातली! अडाण्याला अडाण्याच्याच दोरीनं बांधलं मी, आणि तिथं मला माझी शुद्ध मराठी नाही आठवली.

आबा माझ्या गळ्याकडे बघत राहिला. "कवलगून?" एवढंच विचारलं, किती दिवस म्हणून.

"सांगितलं ना, गावाला जाईपर्यंत."

"बरं," तो म्हणाला आणि खाली बघून लसूण सोलायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून ओटा गप्प झाला. मुलं विचारायची, आजोबा बोलत का नाहीत? मी म्हणायची, त्यांना बरं नाही. सुरुवातीला रात्री जेवताना आमच्या दोघांशी दोन शब्द बोलायचा, हळू आवाजात, दाराकडे बघत. मग तेही कमी झालं. घरात सकाळ-संध्याकाळ मुलं, दुपारी कामवाली. लोक नाहीत अशी वेळ ह्या घरात असतेच किती? मी कामात. मला घर शांत वाटायला लागलं आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दिवाळीनंतर 'गावाला नेऊन आणते' म्हणाले होते, ते संक्रांतीवर गेलं, संक्रांतीचं होळीवर गेलं, होळीचं परीक्षा संपल्यावर. तो दर वेळी मान हलवायचा. ह्या माणसाला आता गावाची तेवढी ओढ राहिली नाही, असं मी खुशाल ठरवून टाकलं. आणि घातलेली आण मी विसरून गेले. चूल पेटवून काडी टाकावी तशी विसरले.

तर तो हरवला त्या रात्री आम्ही पोलीस चौकीत. समोरचा हवालदार फॉर्म भरत होता. उंची, रंग, कपडे, अंगावर खूण. मग म्हणाला, "भाषा?"

"मराठी," मी म्हटलं.

त्यानं वर बघितलं. मागच्या टेबलावरच्या माणसाला तो नुकताच "भो, दोन चहा सांगी दे" म्हणाला होता, म्हणजे आमच्याच बाजूचा. त्याच्यासमोर, बाप हरवलेला असताना, मी पुन्हा म्हटलं, "मराठी. चांगलं बोलतात." जीभ वळलीच नाही दुसरीकडे. इतकी घट्ट बसवली होती मी ती.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं चौकातल्या रिक्षावाल्यांना फोटो दाखवला. एक म्हणाला, "हे बाबा? हे तर काल स्टेशनला उतरले. मी 'स्टेशन, स्टेशन' ओरडत होतो, हे येऊन बसले. काही बोलले नाहीत, नोट पुढं केली." आमचा जीव भांड्यात पडला. स्टेशन म्हणजे गाव! आमच्याकडे जायला सुरत लाइनची गाडी, दोंडाईचाला उतरायचं. नवरा लगेच निघाला. दोंडाईचाला उतरून गावी गेला, भाऊबंदांची घरं पालथी घातली, आमच्या वावरात जाऊन आला. संध्याकाळी त्याचा फोन. आबा गावी आलेलाच नव्हता. मधल्या प्रत्येक स्टेशनवर उतरून विचारतो म्हणाला. मी फोन ठेवला आणि तिथंच फरशीवर बसले. रात्रभर फक्त एवढंच येत होतं डोक्यात, की तो कुठंतरी रुळाच्या कडेला पडलाय आणि मी पंख्याखाली आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण आली. ह्या तीन दिवसांत तिची इस्त्रीची मराठी पार चुरगळून गेली होती. "कुठी गेला अशीन वं म्हतारा? तू खाय वं काही, अशी नको बसू," असं म्हणत तिनं माझ्यापुढं ताट सरकवलं. मग फोन पुढं केला. तिचा भाऊ दीपनगरला असतो, तिथल्या ग्रुपवर काल कोणीतरी टाकलेलं होतं. भुसावळच्या पुढं, दीपनगरच्या रस्त्याला एक वृद्ध गृहस्थ उन्हानं पडलेले सापडले, सरकारी दवाखान्यात आहेत, धोतर-टोपी, मुके आहेत, नाव-गाव सांगू शकत नाहीत. फोटो नव्हता.

मी वाचलं आणि फोन परत दिला. "आमचे नाहीत."

"एकदा बघून तर ये वं."

"अहो, लिहिलंय ना मुके म्हणून! आमचे आबा चांगले बोलतात. आणि भुसावळ उलट्या बाजूला आहे, ते तिकडे कशाला मरायला जातील?" ओरडलेच मी तिच्यावर. वर तिलाच त्या ग्रुपवर निरोप पाठवायला लावला, की धन्यवाद, आमचे वडील बोलतात.

आमचे वडील बोलतात. हे मी लिहायला लावलं, माझ्या ह्या तोंडानं सांगून. आणि मग सगळा दिवस मी पश्चिमेकडच्या गावांना फोन करत राहिले. नरडाणा, अमळनेर, धरणगाव. ऊन त्या दिवशी असं होतं की ओट्यावर पाय ठेववत नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी सुतार आला. पलीकडच्या नव्या बंगल्यांत तो फर्निचरचं काम करायचा; जुन्या गावातला, मुसलमान, आबापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. आबा कॉलनीत आल्यापासून त्या दोघांचं मेतकूट जमलेलं. दुपारी निंबाखाली बसून एक अहिराणीत बोलायचा, दुसरा त्याच्या हिंदीत, आणि विषय काय, तर वखराला बाभूळ चांगली की सागवान! सुतार चार दिवस सुरतेला मुलीकडे गेला होता, त्याला आत्ताच कळलं होतं. दारातच उभा राहिला, आत येईना.

"बाजी, मेरे को पहले बोलना चाहिये था," तो म्हणाला. "आबा तो कबसे बातच नहीं करते थे."

"म्हणजे? तुमच्याशी पण?"

"मेरे से भी नहीं. मैं पूछा, आबा, नाराज क्या? तो ऐसी उंगली रखे होंठ पे. फिर तुम्हारे घर तरफ हाथ किये. और गले को ऐसा पकड़े." त्यानं स्वतःच्या गळ्याची कातडी चिमटीत धरून दाखवली. "मैं समझा गला दुखता होयेंगा. मैं बोला, आबा, गरम पानी पियो."

तो अजून काहीतरी सांगत होता. मला काही ऐकू येत नव्हतं. मी त्याच्या गळ्यावरच्या त्या चिमटीकडे बघत होते, आणि माझ्या स्वयंपाकघरातली ती संध्याकाळ, लसणाची सालं, 'कवलगून' म्हणून विचारणारा बाप, सगळं एकदम अंगावर आलं. माझ्या तोंडून कसला तरी आवाज निघाला. शेजारीण धावत बाहेर आली.

"दीपनगर," मी तिला म्हटलं. "तो मुका माणूस. गाडी काढायला सांगा ना कोणाला तरी! आबाच आहे तो. माझा आबाच आहे."

शेजारणीच्या नवऱ्यानं गाडी काढली. मी मागं बसले, शेजारणीनं माझा हात धरलेला. नशिराबाद गेलं, पुढचे मळे गेले, आणि मला एकेक गोष्ट उलगडत गेली, कोणी न सांगता. तो गावाला निघाला होता. पळून नव्हे, रुसून नव्हे. बोलायचं असेल तर गावाला जा, असं मीच सांगितलं होतं, आणि मी काही नेत नव्हते. म्हणून बोलण्यासाठी निघाला होता माझा बाप, पिशवीत एक धोतर टाकून! स्टेशनवर दोन्हीकडच्या गाड्या लागतात. पाटी त्याला वाचता येत नाही. कोणालाही विचारलं असतं, "हाई गाडी दोंडाईचाले जास का?" तर लहान पोरानं हात धरून बसवून दिलं असतं. पण फलाटावर लोक होते. लोकांसमोर बोलायचं नव्हतं. समोर आली त्या गाडीत तो बसला आणि गावाऐवजी भुसावळला उतरला. तिथंही विचारायचं नव्हतं. मग रात्र फलाटावर काढून दुसऱ्या दिवशी चालत राहिला, त्या उन्हात, घरं दिसतील तिकडे. आणि आता कुठल्या घराला, कुठल्या गल्लीला विचारणार? तिकडेही आमच्यासारख्याच कॉलन्या, बंद फाटकं.

"लवकर चालवा ना," मी म्हणत होते. "लवकर चालवा." शेजारीण म्हणाली, "पोचतो वं बाई, पोचतो."

दवाखान्यातल्या नर्सबाई चांगल्या होत्या. वहीत बघून म्हणाल्या, "अनोळखी पुरुष, मुका. ते ना? पहिल्या दिवशी फार वाईट होते. अजूनही अशक्तपणा आहे फार, किडनीवर आलंय डॉक्टर म्हणाले. बिचारे काही सांगत नाहीत. पाणीसुद्धा हातानं मागतात, अंगठा तोंडाशी नेऊन." मग माझ्याकडे बघून विचारलं, "जन्मापासून मुके आहेत का?"

मी मान हलवली, हो की नाही कोण जाणे.

वॉर्डाच्या टोकाच्या खाटेवर तो होता. टोपी नव्हती. त्याला बिनटोपीचा मी कधी बघितलाच नव्हता, डोक्याचा वरचा भाग पांढराफट्ट आणि खाली तोंड काळंठिक्कर पडलेलं. ओठ फुटलेले. हाताला सलाइन. "आबा," मी म्हटलं. त्यानं डोळे उघडले. त्यानं मला ओळखलं, लगेच ओळखलं. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. आणि तोंड उघडायच्या ऐवजी त्यानं सलाइनचा हात कसाबसा उचलून ओठांवर बोट ठेवलं. मग तेच बोट फिरवून मला आजूबाजूच्या खाटा दाखवल्या, नर्सबाई दाखवल्या, दारातली शेजारीण आणि तिचा नवरा दाखवला. लोक आहेत, म्हणत होता. बघ, लोक आहेत.

"आबा, बोला," मी म्हटलं. "बोला ना. काही नाही होत. मी सांगते ना, बोला."

त्यानं मान हलवली.

"मी सोडवली तुमची शपथ. सुटली. ऐकताय ना, सुटली ती."

तो माझ्याकडे नुसता बघत होता, कोणी परकं माणूस काहीतरी समजावून सांगतंय तसा. मला शब्दच येईनात. तीस वर्षं गिळलेलं असं मागितल्याबरोबर वर येतं थोडंच! वॉर्डातल्या बायका वळून बघायला लागल्या होत्या. मी त्याच्या खाटेपाशी खाली उकिडवी बसले, तो माझ्यासमोर बसायचा तशी, आणि माझा गळा चिमटीत धरला.

"आबा," मी म्हटलं, "तू बोल. मन्ही आन सुटनी. सुटनी. सुटनी."

त्यानं ओठ हलवले, पण आवाज निघायला वेळ लागला. महिनोन्‌महिने न वापरलेला, खरखरीत आवाज. नर्सबाई हातातला ट्रे घेऊन तशाच थांबल्या. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी तयार होते.

"मी एक दाव बोलनू," तो म्हणाला. "आन मोडी गयी मन्हाकन."

एकदा बोललो, आण मोडली माझ्याकडून, म्हणत होता. मला कळेना. "कधी? कोणाशी?"

"पानी मांगं. एक बंगलाना फाटकजोडे. भलती तीस लागनी व्हती व माय, ऱ्हायवनं नही." फाटकातल्या माणसानं त्या तहानेल्याला पाणी दिलं की नाही, ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारू शकले नाही. तो धडपडत उठायला बघत होता. "एकच दाव. तठेपाईन नही बोलनू, कोनसंगे नही. तुले काही व्हयनं नही ना?"

दोन दिवस तो त्या खाटेवर, मला काही झालं की काय, हीच काळजी करत पडला होता.

"काही नही व्हयनं, आबा," मी म्हटलं.

त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं मला आणखी जवळ बोलावलं, माझे डोळे बघितले, दंड चाचपला. मग सलाइनचा हात उलटा करून माझ्या कपाळाला लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मला ताप नव्हता. मला काहीच झालेलं नव्हतं.